सूर्यास्ताआधी फळी आत

नोटीस शनिवारी संध्याकाळी आली. रविवारी दुपारपर्यंत ती घरात इतक्यांदा मोठ्याने वाचली गेली की घरच्या सुनेला, वहिनीला, पाठच झाली. ‘घर क्रमांक सतरा. दर्शनी पायऱ्यांवर कायमस्वरूपी बांधकाम. नियम नऊचा भंग. तक्रार आल्यावरून कळवण्यात येते की आठ दिवसांत काढून घ्यावे.’ आणि खाली वसाहत समितीच्या अध्यक्षांची, म्हणजे समोरच्या बाईंची, फळ्यावर लिहावी तशी सुबक सही.

“तक्रार आल्यावरून म्हणे,” ताईने नोटीस टेबलावर टाकली. घरची ही लेक दिवाणी वकिलाच्या कचेरीत काम करते, त्यामुळे कागद हातात आला की तिचा आवाज आपोआप चढतो. “कुणाची तक्रार? हिचीच. दुर्बिणीला दुसरा उद्योग काय आहे?”

दुर्बीण हे समोरच्या बाईंचं या घरात पडलेलं नाव. बाई निवृत्त मुख्याध्यापिका. खिडकीत बसल्या बसल्या चाळीस घरांची हजेरी घ्यायच्या. या घराशी मात्र एकोणीस वर्षं त्यांचा अबोला होता, आणि तो त्यांनी शाळेच्या घंटेसारखा पाळला होता, एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही.

“हळू बोल,” थोरला म्हणाला. तो ग्रंथपाल. तीस वर्षं लोकांना गप्प बसवून त्याचा स्वतःचा आवाजही निम्म्यावर आला होता. “खिडकी उघडी आहे.”

“असू दे. ऐकू दे तिला. आजारी माणसाचा रॅम्प डोळ्यांत खुपतो होय?”

ज्या माणसाचा रॅम्प होता तो माणूस चाकाच्या खुर्चीत, खिडकीपाशी, डावा हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसला होता. बाबांना झटका आला त्याला चार महिने झाले. उजवी बाजू गेली, बोलणं सावकाश झालं, डोकं मात्र पूर्वीइतकंच टोकदार राहिलं. जन्मभर त्यांनी जमिनीची मोजणी केली. ही वसाहत उभी राहिली तेव्हा तिचे पहिले सचिव तेच, आणि एकतीस नियमांचं ते पातळ पुस्तक त्यांनीच लिहिलेलं. कुंपण किती फूट, दरवाज्याचा रंग कोणता, पायऱ्या किती. प्रत्येक घराला तीन पायऱ्या. रॅम्प गेला की त्या तीन पायऱ्याच आता त्यांना घरात कोंडणार होत्या.

इस्पितळातून ते यायच्या आदल्या दिवशी धाकट्याने रॅम्प बसवला. धाकटा सुतार आहे, आणि चांगला सुतार आहे. बाबा घरी आले, सरळ वर चढले, आणि पाच दिवस रोज सकाळी वहिनीने त्यांना कोपऱ्यापर्यंत फिरवून आणलं. त्या पाच दिवसांत ते पुन्हा बाबा झाले होते. कुणाचं कुंपण वाढलंय, कुणाची कुंडी रस्त्यावर आलीय, सगळं डोळ्यांनी मोजून झालं होतं.

“मी जाऊन बोलतो तिच्याशी,” धाकटा उठला. “आणि काढणार नाही म्हणून सांगतो. काय करायचं ते कर म्हणावं.”

“बस खाली,” बाबा म्हणाले.

“बाबा, प्रत्येक वेळी आपणच का...”

“तक्रार माझी आहे.”

थोरल्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, म्हणजे जणू काचा स्वच्छ झाल्या की ऐकलेलं बदलेल.

“तुमची म्हणजे?” ताईने विचारलं.

“मी लिहिली. डाव्या हाताने. मावशींच्या हाती पाठवली.” दिवसा बाबांना सांभाळायला येणाऱ्या मावशी नेमक्या तेव्हा चहाचे कप उचलायला आत आल्या होत्या. त्या तशाच पावली मागे फिरल्या. “पाचव्या दिवशी मला बोल्ट दिसले. चार बोल्ट, पायरीत ठोकलेले. सुटी वस्तू असती तर गोष्ट वेगळी. बोल्ट म्हणजे बांधकाम. नियम नऊ.”

सकाळपासून घरादाराने त्या बाईचा उद्धार केला होता, आणि खरा तक्रारदार खिडकीत बसून ऐकत होता. वहिनीला एकीकडे हसू आवरेना आणि दुसरीकडे धाकट्याच्या तोंडाकडे बघवेना.

“अकरा वर्षांचा होतो मी,” धाकटा म्हणाला. तो बाबांशी बोलत नव्हता, भिंतीशी बोलत होता. “कबुतरांसाठी घर केलं होतं मागच्या अंगणात. पहिलंच काम माझं. सहा इंच जास्त उंच झालं म्हणून पाडायला लावलंत. मी एकट्याने पाडलं. तुम्ही टेप घेऊन उभे होतात.”

“सहा नाही. साडेसहा.”

“बघ,” धाकटा वहिनीकडे वळला. “बघ हे.” आणि तो बाहेर पायरीवर जाऊन बसला.

ताईने ती संधी सोडली नाही. तिने खुर्ची बाबांजवळ ओढली आणि आवाज खाली आणला. “बाबा, मी आधीच म्हणत होते. माझ्याकडे चला. लिफ्ट आहे, गच्ची आहे, वेगळी खोली आहे. रॅम्प नको, नोटीस नको, कटकट नको.”

“चालेल,” बाबा म्हणाले. “नियम मोडून इथे राहण्यापेक्षा ते बरं.”

थोरल्याने वहिनीकडे पाहिलं. कठीण प्रसंगी बायकोकडे पाहायचं ही त्याची जुनी सवय. ताई वाईट नव्हती, तिचं प्रेमही खोटं नव्हतं. पण सातव्या मजल्यावरच्या त्या खोलीतून बाबांना काय दिसणार? आभाळ. आभाळाला कुंपण नसतं, मोजायचं काय?

आणि खरं सांगायचं तर तिला ते हवे होते. स्वतःसाठी हवे होते. सव्वीस वर्षांपूर्वी ती या घरात आली ती लायसन्सच्या परीक्षेत तीनदा नापास होऊन. चौथ्यांदा बसायचं तिच्या मनातही नव्हतं. तेव्हा हे सासरे रोज सकाळी वर्तमानपत्र घेऊन गाडीत शेजारच्या सीटवर बसायचे आणि म्हणायचे, तू चालव, मी वाचतोय. दोन महिने. गाडी बंद पडली, दुभाजकावर चढली, एकदा तर भाजीच्या गाडीला टेकली, पण त्यांनी मान वर केली नाही. ती पास झाली त्या दिवशी गाडी धुताना तिला ते वर्तमानपत्र सापडलं. दोन महिन्यांपूर्वीचं, तेच. आज तिचा स्वतःचा ड्रायव्हिंग क्लास होता, तीन गाड्या होत्या, आणि तिला घरात उस्ताद म्हणणारा एकच माणूस होता. तो चालला होता सातव्या मजल्यावर.

ती उठून बाहेर गेली. धाकटा बोल्टांकडे बघत बसला होता.

“भाऊजी, हे बोल्ट काढले तर?”

“काढले तर सरकेल.”

“आकडे लावले तर? रोज सकाळी अडकवायचा, संध्याकाळी काढायचा. माझ्या गाड्यांना शिकाऊ पाटी आम्ही रोज लावतो आणि रोज काढतो. त्यात काय एवढं?”

धाकट्याचा हात पायरीच्या कडेवरून फिरायला लागला होता, आणि वहिनीला तेवढं पुरेसं होतं. “दोन तुकडे करावे लागतील,” तो शेवटी म्हणाला. “दोन फळ्या. तरी एकेक फळी दोघांनी उचलायची, दोन टोकांना दोघं. एकटीने उचललीस तर कंबर गेलीच म्हणून समज.”

वहिनीने आत येऊन हे सांगितलं तेव्हा बाबांनी मान हलवली. “नियम दहा. सुट्या वस्तू दिवसा दर्शनी भागात चालतील. सूर्यास्ताआधी आत घ्याव्यात.” पुस्तक उघडायची त्यांना गरजच नव्हती. “पण रोज, उस्ताद. पाऊस असो, पाहुणे असोत, ताप असो. रोज कोण करणार?”

“मी करणार.”

“थकशील.”

“थकले तर सांगेन. तुम्हाला जायचंय का ताईंकडे? खरं सांगा.”

बाबांनी रस्त्याकडे बघितलं. “मला कुठेच जायचं नाही,” ते म्हणाले. “पण एक अट. एक जरी सूर्यास्त चुकला तरी रॅम्प बंद, आणि मी लेकीकडे. लिही रे.” थोरल्याने लिहून घेतलं, बाबांनी डाव्या हाताने वाकडी सही ठोकली, आणि ताईने तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. कागदाशी तिचं नातंच तसं.

*

एक्केचाळीस दिवस फळ्या वेळेवर आत आल्या. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत बाबांनी रोजची सूर्यास्ताची वेळ मावशींकडून लिहवून घेतली होती, आणि तासभर आधीपासून ते घड्याळाकडे बघायला लागायचे. वहिनी आणि थोरला एकेक टोक धरून फळ्या दारामागच्या बोळात आणायचे, उशीसारखा जाडा कापडी भाग भिंतीकडे करून उभ्या करायचे. भिंत खराब होऊ नये म्हणून धाकट्याने तो लावला होता. समोरच्या खिडकीत बाई बसलेल्या असायच्या. बघायच्या. बोलायच्या नाहीत.

बेचाळिसाव्या दिवशी सगळं एकदमच फिरलं. थोरला ग्रंथालयाच्या कामाने परगावी गेला होता. धाकटा शहराच्या दुसऱ्या टोकाला कुणाच्या स्वयंपाकघरात कपाटं बसवत होता. मावशी नेहमीप्रमाणे चारला गेल्या. आणि वहिनी परीक्षेच्या मैदानावर एका साठ वर्षांच्या बेकरीवाल्याची वाट बघत उभी होती. त्याची ही चौथी खेप. तीन वेळा नापास झालेल्या माणसाला मैदानावर एकटं सोडून जाणं तिला जमेना. तो पास झाला, रडला, तिचे हात हातात घेऊन उभा राहिला, आणि ती निघाली तेव्हा सहा वाजून गेले होते. पुलावर एक ट्रक आडवा झालेला.

तिने घरी फोन लावला.

“बाबा, मी पुलावर अडकलेय.”

“कळलं. गाडी जोरात हाकू नकोस.”

“धाकट्या भाऊजींनाही निघायला सांगितलंय, पण...”

“त्याला तास लागेल. आज सूर्यास्त सहा एकोणपन्नासला.” मग ते म्हणाले, “उस्ताद, तुझी चूक नाही. एक्केचाळीस दिवस केलंस. मी लेकीला कळवतो.”

“आत्ता नका कळवू,” वहिनी म्हणाली. “मी येते. मग कळवा.”

गाडी इंचभर पुढे सरकायची आणि थांबायची. वहिनी गेली वीस वर्षं लोकांना शिकवत आली होती की स्टिअरिंग घट्ट आवळून गाडी लवकर पोचत नाही. त्या दिवशी तिने ते इतकं आवळलं की बोटं दुखायला लागली. सहा एकोणपन्नास पुलावरच वाजले. तिने घड्याळाकडे पाहिलं, आणि रडू येतंय हे स्वतःपासून लपवण्यात काही अर्थ नव्हता, म्हणून ती रडली.

सात वाजून सात मिनिटांनी ती फाटकात शिरली. अजून उजेड होता, फिकट. पायऱ्या मोकळ्या होत्या. तीन पायऱ्या, चाळीस घरांसारख्या. रॅम्प नव्हता.

बोळात दोन्ही फळ्या उभ्या होत्या, कापडी भाग भिंतीकडे.

बाबा खिडकीपाशी होते. त्यांचे डोळे ओले होते आणि ते पुसायचा त्यांनी प्रयत्नही केला नव्हता.

“कोणी?”

“समोरच्या बाईंनी,” बाबा म्हणाले. “साडेसहाला दार उघडून बाहेर आल्या. इकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, रस्ता ओलांडून आल्या. फळी एकट्यांनी उचलली. वर्गातला बाक ओढावा तशी. तीनदा टेकवली, तीनदा उचलली. मी म्हटलं, बाई, राहू द्या, कंबर जाईल. तर म्हणतात, तुम्ही गप्प बसा, मधे बोलायचं नाही.” त्यांना हसू आलं आणि त्या हसण्यात आवाज फुटला. “आकडे कसे सोडवायचे तेही ठाऊक होतं त्यांना. रोज बघतात ना. दुसरी फळी सहा सेहेचाळीसला आत. तीन मिनिटं राखून. मी घड्याळ पाहिलं.”

वहिनी त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवरच बसली. “मग तुम्ही जाणार नाही ना?”

“सूर्यास्ताआधी फळी आत होती,” बाबा म्हणाले. “मी कशाला जाऊ?”

वहिनीचा जीव भांड्यात पडला. तिने मान वळवून समोर पाहिलं. खिडकीत दिवा लागला होता आणि बाई नेहमीच्या जागी बसल्या होत्या. एक हात कंबरेवर होता. वहिनीने दोन्ही हात जोडले. बाईंनी पडदा ओढून घेतला.

*

“समोर बाईंच्या घरी जायचंय,” बाबांनी रविवारी जाहीर केलं. “सगळ्यांनी.”

मग काय, वरातच निघाली. पुढे धाकटा आणि थोरला एकेक टोक धरून दोन खेपांत फळ्या नेत, मागे वहिनी खुर्ची ढकलत, तिच्यामागे ताई. पर्समध्ये तो कागद अजून होता, पण तिने त्याचा विषय काढला नाही. सकाळी आल्या आल्या ती वहिनीला बोळात गाठून म्हणाली होती, “मला ते जवळ हवे होते गं. पण त्या दिवशी फोनवर त्यांचा आवाज ऐकला. सांगत होते, फळी आत आली, फळी आत आली. लहान पोरासारखे.” आणि वहिनीने तिला घट्ट धरलं होतं. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच.

बाईंच्या दारालाही तीन पायऱ्या. फळ्या बरोबर बसल्या, बसणारच, नियमच तसा. बाबा वर चढले आणि एकोणीस वर्षांनी त्या घरात आले.

बाईंनी चहा ठेवला. कप मांडले, बशा मांडल्या, आणि सगळे आपापल्या कपाकडे बघत बसले. भिंतीवरचं घड्याळ मोठ्याने चाललं होतं.

“आभार मानायला आलोय,” बाबा म्हणाले.

“मानू नका. नोटीसही मीच काढली होती.”

“ती बरोबर होती.”

“होतीच.” बाईंनी कप खाली ठेवला. “माझ्या पत्र्याची तुमची नोटीसही बरोबरच होती. दारावर पत्रा मी नियम न बघता घातला होता. आई दुपारी पायरीवर बसायची, तिला ऊन लागू नये म्हणून. तुम्ही काढायला सांगितलात, मी काढला. नियमाबद्दल माझा राग नव्हता कधी.”

“मग?” ताईने विचारलं. राहवलंच नाही तिला.

“मी शिडीवर होते. एकटी. पत्रा एका बाजूने सुटला आणि दुसऱ्या बाजूने लोंबायला लागला. आणि हे समोर खिडकीत उभे होते.” बाई बाबांकडे बघत होत्या. “होतात की नाही?”

“होतो,” बाबा म्हणाले.

“आईला बघावं तर पत्रा पडत होता, पत्रा धरावा तर आई ओरडत होती. एवढंच वाटत होतं, की या माणसाने रस्ता ओलांडावा. परवा मी खिडकीत बसून तुमच्या फळ्यांकडे बघत होते. सूर्य खाली चाललेला. म्हटलं, आता आपणही नुसतं बघणार का.”

बाबांचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर मागेपुढे होत राहिला. वहिनीला ती खूण माहीत होती. बोलायचं असलं आणि शब्द अडले की ते असं करायचे.

“नियम बरोबर होता,” ते सावकाश म्हणाले. “आजही तोच लिहीन. पण मी यायला हवं होतं. पत्र्याला दोन टोकं असतात. एक मी धरायला हवं होतं.” त्यांनी बाईंकडे पाहिलं. “माझं चुकलं, बाई.”

बाईंनी मान हलवली आणि पदराने नाही, सरळ हाताने डोळे पुसले. “चहा गार होतोय,” त्या म्हणाल्या. शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, पण तो आवाज त्यांना धड जमला नाही.

घड्याळात सहा चाळीस झाले. धाकटा उठला. गेल्या दीड महिन्यात घरातल्या सगळ्यांना त्या वेळेची सवयच लागली होती. “फळ्या आत घेतो,” तो म्हणाला. “निघताना तेवढ्यापुरत्या पुन्हा लावू.” थोरला त्याच्यामागे निघाला.

“तू थांब,” बाबा थोरल्याला म्हणाले. “उस्ताद, मला दारात ने.”

वहिनीने खुर्ची वळवली आणि उंबऱ्यापाशी नेऊन ब्रेक लावला. खाली अंगणात धाकटा पहिली फळी सोडवत होता. त्याने वर पाहिलं, दारात भाऊ नव्हता, बाप होता.

“बाबा, बाजूला व्हा. लागेल तुम्हाला.”

“साडेसहा इंच होतं,” बाबा म्हणाले. “मोजणी माझी चुकलेली नाही. पण ते पाडताना तू अकरा वर्षांचा होतास आणि मी टेप घेऊन उभा होतो. टेप खाली ठेवून यायला हवं होतं मी. तेव्हा मला सुचलं नाही.”

धाकटा फळी धरून तसाच उभा राहिला, चाळिशी ओलांडलेला, खांद्यावर भुसा असलेला माणूस, आणि त्याची हनुवटी हलत होती.

“ये,” बाबांनी डावा हात पुढे केला. “वर कर ते टोक.”

धाकट्याने फळी उचलली आणि अलगद उंबऱ्यावर आणली. बाबांच्या बोटांनी तिची कड पकडली. फळीचं खरं वजन धाकट्याच्याच हातांत होतं, हे तिथल्या प्रत्येकाला दिसत होतं.

“धरलंत का?” धाकट्याने विचारलं.

“धरलंय.”

“नक्की?”

“धरलंय रे. चल.”

वहिनीने ब्रेक काढला, मागे वळून पाहिलं, आणि विद्यार्थ्यांना सांगते तसं स्वतःलाच हळू, हळू म्हणत खुर्ची मागे घेतली. फळी बाईंच्या घरात आली. दुसरीही तशीच आली. बाईंनी घड्याळ पाहिलं, सहा सेहेचाळीस म्हणून सांगितलं, आणि सगळ्यांना पुन्हा बसायला लावून दुसऱ्यांदा चहा ठेवायला आत गेल्या.